गुब्बीच्या नाकातली तार

गुब्बीचा पुतळा बसवायचं ठरलं आणि आमच्या समितीत पहिलं भांडण झालं ते हारावरून. गुरुराज वकील समितीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, पुतळा म्हटला की हार आलाच, तेव्हा वर्षातून एक दिवस त्यासाठी नेमून टाकू. मी म्हटलं, "वकीलसाहेब, पुस्तकातल्या पोरीला जयंती नसते आणि पुण्यतिथीही नसते. दिवस कुठला नेमणार?" त्यावर जी चर्चा सुरू झाली ती चहा येईपर्यंत संपली नाही. धारवाडची माणसं चर्चेत कधी कुणाला हार जाणार नाहीत. काम तेवढं मागं राहतं.

पुण्यतिथी होती, पण ती कुठल्या दिवशी हे मला माहीत नव्हतं. ती ठाऊक असलेली बाई त्याच खोलीत होती. तिला आम्ही मानाची पाहुणी म्हणून बोलावलं होतं. तिनं खुर्ची नको म्हटलं, भिंतीशी बसली, आणि चहा झाल्यावर उठून सगळ्यांचे कप गोळा करायला लागली. आम्ही सगळ्यांनी तिला ते गोळा करू दिले. तिचं नाव कौसल्या. आमच्या शाळेतली मुलं तिला कौसल्याक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते, वयानंही ती मला थोरली.

गुब्बी म्हणजे कानडीत चिमणी. हे धारवाड-हुबळीत सांगावं लागत नाही, पण गुब्बीच्या गोष्टी वाचून मोठी झालेली नाशिक-नागपूरची माणसं मला भेटली आहेत, त्यांना वाटतं हे नुसतंच लाडाचं नाव आहे. गोष्टी लिहिल्या बाळाचार्यांनी. ते इथल्याच एका शाळेत संस्कृत शिकवायचे आणि मुलांसाठी मराठीत लिहायचे. एक सात-आठ वर्षांची मुलगी, तिला सगळे अक्का म्हणतात, आणि तिच्या कडेवर तिची धाकटी बहीण गुब्बी. विस्कटलेले लांब केस, नाकात फुली, ढगळ झगा. गुब्बी कधी खाली उतरत नाही. अक्काच्या कमरेवर बसून ती जगाचा कारभार करते, आणि कुणी काहीही विचारलं तरी एकच उत्तर देते, "बघू की." तीन पिढ्यांची मराठी मुलं आईनं अभ्यास विचारला की "बघू की" म्हणाली आणि मार खाती झाली.

त्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे गुब्बी दवाखान्यात जाते ती. गुब्बीला ताप येतो, घसा धरतो, अक्का तिला कडेवर घेऊन टांग्यानं दवाखाना गाठते, डॉक्टर सुई टोचतात आणि गुब्बी बरी होऊन, औषधाची रिकामी बाटली हातात मिरवत घरी येते. मग त्या बाटलीत केलगेरीच्या तळ्याचं पाणी भरून ती कावळ्यांना औषध पाजते. पुतळा याच गोष्टीचा करायचा ठरला होता: अक्का, तिच्या कडेवर गुब्बी, गुब्बीच्या हातात बाटली. जागा तळ्याकाठची छोटी बाग.

आणि अक्का म्हणजे ही कौसल्या. खरीखुरी.

ती अळणावरकडच्या एका खेड्यातली. बाप रानात लाकडं तोडायला जायचा, तो एका पावसाळ्यात आजारी पडून गेला, आणि आई दोन पोरं घेऊन धारवाडला आली. बाळाचार्यांच्या घरी तिला भांड्यांचं काम मिळालं. आई मागच्या अंगणात भांडी घासायची तेव्हा ही पुढच्या कट्ट्यावर धाकट्याला कडेवर घेऊन उभी असायची. बाळाचार्य तिथंच आरामखुर्चीत लिहीत बसायचे. समोर आयती गोष्ट उभी होती, त्यांनी ती उचलली. बालवाडीत आया म्हणून कौसल्याक्का आमच्या शाळेत लागली तेव्हा मी नुकतीच तिथं शिक्षिका झाले होते. एकदा बक्षीस समारंभाला बाळाचार्य आले, तिला पाहून थबकले आणि भर सभेत म्हणाले, "मुलांनो, गुब्बीची अक्का ही." मुलं आठवडाभर तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. मग विसरली. तिच्या कडेवर तेव्हाही कुणाचं तरी रडणारं पोर असायचंच. आयुष्यभर पोरं वागवून तिची कंबर डावीकडे झुकली होती, कडेवर कुणी नसलं तरी ती तशीच तिरकी चालायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ मी कधी लावला नाही. मी वर्गात गुब्बीच्या गोष्टी वाचायला घेतल्या की ती दाराशी उभी राहून ऐकायची, हसायची. दवाखान्याची गोष्ट काढली की तिला हटकून काहीतरी काम आठवायचं. माठ भरायचा राहिला म्हणून ती निघून जायची. मला वाटायचं, बाईला रडू येत असेल. गुब्बी लहानपणीच गेली एवढं आम्हांला माहीत होतं. बाळाचार्यांनीच कुठंतरी लिहून ठेवलं होतं की ती गेली त्या वर्षी त्यांनी ठरवलं, गोष्टीत तिला मरू द्यायचं नाही. वाचणाऱ्यांना हे फार हृद्य वाटतं. मलाही वाटायचं.

मूर्तिकार वेंकटेश. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या गणपती होतात, पण हा चित्रकलेचं शिक्षण घेऊन आला आणि आता माणसांचे पुतळेही करतो. केलगेरीला त्याचं पत्र्याचं शेड आहे. मातीचा नमुना तयार झाल्यावर त्यानं कळवलं, साचा काढण्याआधी एकदा बघून जा. वकीलसाहेबांना कोर्ट होतं, म्हणून मी कौसल्याक्काला घेऊन रिक्षानं गेले. श्रावण चालू होता. शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे रंग न लावलेले गणपती, आणि मधे ओल्या फडक्यांत गुंडाळलेली ही दोघं.

वेंकटेशनं फडकी सोडली. पोरानं काम छान केलं होतं, खोटं कशाला बोलू. अक्काच्या मानेवरचा ताण, गुब्बीची टाच तिच्या पोटाला रुतलेली, सगळं जिवंत. कौसल्याक्कानं स्वतःच्या मूर्तीकडे पाहिलंही नाही. ती सरळ गुब्बीच्या तोंडाशी गेली आणि चष्मा पुसून बघत राहिली.

"नाकात फुली न्हवती," ती म्हणाली. "तार व्हती. तांब्याची."

वेंकटेश नम्र पोरगा. "आज्जी, पुस्तकात फुली लिहिलीय," तो म्हणाला. "मुखपृष्ठावरच्या चित्रातबी फुलीच हाय."

"पुस्तकात असंल. नाकात तार व्हती."

"बरं, तार करूया की. त्यात काय." आणि त्यानं तिथल्या तिथं बोटानं फुली पुसून टाकली.

मला आपलं वाटलं, गरिबाची लेक, सोन्याची फुली कुठून येणार. हात धुवायला बाहेर नळाशी गेलो तेव्हा मी तसं म्हणालेसुद्धा. कौसल्याक्कानं माझ्याकडे पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि नळ पूर्ण सोडला. पाणी बादलीत धबाधबा पडायला लागलं. पाण्याची एवढी नासाडी करणारी ती नव्हे. ती माझ्या कानाशी आली आणि त्या आवाजात म्हणाली, "बाई, पोरगी न्हवती ती. भाऊ व्हता माझा."

मग तिनं सांगितलं. तिच्या आईचे मुलगे जगायचे नाहीत. मुलगी जगली, म्हणजे ही, आणि तिच्या पाठचे मुलगे एकामागून एक गेले. हा झाला तेव्हा सुइणीनं त्याला आधी उकिरड्यावर ठेवलं, मग सुपात घालून घरात आणलं आणि मूठभर कोंडा देऊन आईनं तो "विकत" घेतला. टाकून दिलेलं, विकत घेतलेलं पोर मृत्यू नेत नाही अशी समजूत. नाक टोचून त्यात तांब्याची तार घातली. अंगात झगा. केस कापायचे नाहीत. चारचौघांत त्याला मुलगी म्हणायचं. बारशाला आत्यानं त्याच्या कानात खरं नाव सांगितलं, तेवढंच. ते घरातसुद्धा उच्चारायचं नाही. पाच वर्षांचा झाला की यल्लम्माच्या डोंगरावर जावळ काढायचं, तार काढायची, सदरा-चड्डी घालायची आणि मग नावानं हाक मारायची. तोवर तो गुब्बी.

हे आमच्याकडे पुष्कळ घरांत चालायचं. आमच्याच गल्लीत नाक टोचलेले दोन आजोबा होते. मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्याचं.

"आचार्यांनी इचारलं, बहिणीचं नाव काय गं," कौसल्याक्का म्हणाली. "मी म्हटलं गुब्बी. आईनं तसंच सांगायला सांगितलं व्हतं. त्यांनी तसंच लिव्हलं. त्येंची काय चूक."

तिसरं वर्ष सरत आलं आणि पोराला घटसर्प झाला. घसा बंद होत चालला. बाळाचार्यांनी स्वतः डॉक्टर बोलावून आणला. डॉक्टरनं दिवा धरून घसा बघितला आणि सांगितलं, याच पावली मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं सुई आहे, वाचेल. बाळाचार्यांनी टांगा मागवला. आणि आई दारात आडवी झाली. नाही म्हणाली. बाळाचार्य रागावले, त्यांच्या घरातल्यांनी हात जोडले. तिचं एकच पालुपद: माझी पोरगी दवाखान्यात न्यायची न्हाई.

"का?" मी विचारलं. विचारलं आणि मलाच कळलं.

"तिथं झगा काढतील," कौसल्याक्का म्हणाली. "काढला की दिसंल. मुलगा म्हनून बोलतील, मोठ्यानं. ज्याच्यापासनं लपवलं व्हतं त्याच्या कानावर जाईल."

टांगा दारात उभा राहिला आणि परत गेला. पोर दुसऱ्या दिवशी गेलं, बहिणीच्या कडेवर. बाळाचार्यांना त्या बाईच्या हट्टाचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी ती गोष्ट लिहिली, ज्यात टांगा परत जात नाही. ती गोष्ट मी तीस वर्षं कौसल्याक्काच्या कानावर घातली होती.

मला त्या आईचा भयंकर संताप आला. नळाला धरून उभी राहिले. आणि अजून संपलं नव्हतं. पोराला झग्यातच पुरलं. आईनं कौसल्याला जवळ घेऊन शपथ घातली: मेला तो मुलगा होता हे आता कधीच कुणाला सांगायचं नाही, नाव तर नाहीच. नेणाऱ्याला वाटतंय त्यानं पोरगी नेली. तसंच वाटू दे. त्याचं लक्ष आपल्या घरातल्या मुलग्यांवर नाही असं राहू दे. आई तेव्हा पुन्हा पोटुशी होती, नवरा मरून काही महिनेच झालेले. जन्मला तो रामू. आणि रामू जगला. झगा नाही, तार नाही, काही नाही, तरी जगला. आईला त्याचं एकच कारण ठाऊक होतं आणि तिनं मरताना ते लेकीच्या पदरात बांधून दिलं.

मी मास्तरीण. गप्प बसणं आमच्या धंद्यात नाही. मी म्हटलं, "कौसल्याक्का, माती अजून ओली आहे. वेंकटेशला सांगू, झग्याचा सदरा करायला त्याला एक दिवस पुरेल. वकीलसाहेबांना मी बघते. तुमच्या भावाचं जगात दुसरं काही नाही, फोटो नाही, कपडा नाही. हे एक होतंय तर ते खरं होऊ दे."

"मला नको वाटतंय व्हय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आई गेली, आत्या गेली. त्याचं नाव आता माझ्या एकलीच्या तोंडात हाय, आणि तेबी कधी भाईर काढलं न्हाई. मी मेले की तेबी मेलं. त्याला कधी कुनी हाक मारली न्हाई, बाई. कधीच. मला काय वाटत नसंल?"

"मग मला तरी सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

तिनं तोंड उघडलं. मला वाटलं सांगते. मग तिनं नळ बंद केला, बादलीतलं पाणी वेंकटेशच्या तुळशीला घातलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रामू हाय न्हवं." मी वकीलसाहेबांना काही सांगितलं नाही. तिच्या जिभेवर साठ वर्षं जे राहिलं ते मी समितीच्या टेबलावर मांडणार होते थोडीच.

रामू हुबळीला राहायचा. दाजीबानपेठेत एका कापडाच्या दुकानात त्यानं उमेदीची सगळी वर्षं घालवली, गिऱ्हाईकांपुढं ठाण उलगडायचे आणि ते गेले की गुंडाळायचे. आता त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. त्या दिवशी कौसल्याक्का सकाळची चिगरी, म्हणजे धारवाड-हुबळीची जलद बस, पकडून हुबळीला जायची, डब्यात बेताचं मीठ घातलेली भाजी घेऊन. त्याची बायको रोहिणी बरी बाई, पण दवाखान्यात अक्काच बसणार हे ठरलेलं. नळावरच्या त्या बोलण्यानंतर मीही एकदा बरोबर गेले. मला रामूला बघायचं होतं. ज्याच्यासाठी एवढं झालं तो कसा दिसतो ते.

दिसायला काही नाही हो. सुकलेला, हसतमुख, पांढरी दाढी खाजवत पडलेला माणूस. हाताला नळ्या. मला म्हणाला, "बाई, पुतळा झाला काय गुब्बीचा?"

"होत आलाय."

"त्या गुब्बीनं माझं वाटोळं केलंय बघा," तो म्हणाला आणि हसला. "पुस्तकात तिला हिनं कडेवरनं उतरवलं न्हाई, आणि तिच्या वाटणीचं मला वागवलं. साठीला आलो तरी रस्ता वलांडताना हात धरतीया. दुर्गदबैलात, भर बाजारात. हमाल हसतेत."

"हसू दे," कौसल्याक्का म्हणाली. ती त्याच्या पायावरची चादर सारखी करत होती.

"गुब्बी कशी व्हती म्हनून इचारलं तर कधी सांगत न्हाई. अक्का, माझ्यावाणी व्हती काय गं ती?"

मी कौसल्याक्काकडे बघायचं टाळलं. ती म्हणाली, "तुझ्यापरास गुणी व्हती. औषध मुकाट घ्यायची." आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. परतताना बसमध्ये तिनं खिडकीला डोकं टेकलं होतं. माझ्या मनात येत होतं, या दोघांत अर्ध्या वाक्याचं अंतर आहे, ते मी बोलून टाकावं. पण ते बोलायचा हक्क माझा नव्हता, आणि तिची भीती खुळी म्हणायला माझ्याकडे शब्द होते तरी तिच्या भावाला मशीनवरून उठवायला काही नव्हतं.

दसऱ्यानंतर रामूच्या हातातल्या नळीच्या जागी पू धरला. ताप चढला, तो उतरलाच नाही. दिवाळीच्या आधी, सकाळच्या वेळी, तो गेला. मी हुबळीला पोचले तेव्हा लोक अंत्ययात्रेच्या तयारीला लागले होते. कौसल्याक्का जिन्याच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले तर तिनं माझा हात हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं, बाई. नळ सोडला व्हता, तरी ऐकलंच त्यानं."

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा मी तिला घट्ट धरलं. "कौसल्याक्का, असं म्हणू नका. मूत्रपिंडं किती वर्षं बिघडलेली होती. डॉक्टर आधीपासून सांगत होते. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"व्हय," ती म्हणाली. "डॉक्टरबी तसंच म्हनला."

आणि तिनं माझा हात सोडला नाही, दोषही दिला नाही. तिनं दिला असता तर मला सोसलं असतं. शिकलेल्या माणसाला वाटतं, कारण समजावून सांगितलं की दुःख कमी होतं. ती कारण माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती, वर्षानुवर्षं त्याचे डबे तिनंच करून नेले होते. ते कारण एका बाजूला, आणि आईनं घातलेली शपथ आपण मोडली हे दुसऱ्या बाजूला, आणि ही बाई मधे, जिन्याच्या पायरीवर. मी त्या दिवशी तिच्या मेलेल्या आईला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. मग वाटलं, त्या बाईनंही पोरं पुरून पुरूनच हे शिकून घेतलं असणार, आणि शिव्याही पुऱ्या देता येईनात.

पुतळ्याचं अनावरण मार्गशीर्षात, एका रविवारी सकाळी होतं. समितीनं परस्पर ठरवून टाकलं होतं की घरात दुःख आहे, कौसल्याबाई येणार नाहीत. त्यांच्या नावाची शाल मी घ्यायची. मी नाही म्हटलं, तर वकीलसाहेब म्हणाले, मग ती शाल शाळेला देऊ. शाळेला शाल. मी पुढं वाद घातला नाही.

तळ्यावर थंडी होती. शाळाशाळांची मुलं स्वेटर घालून रांगेत उभी होती. मराठी शाळेची होती, कानडी शाळेचीही होती; वकीलसाहेबांनी फलक दोन्ही लिप्यांत करून घेतला होता आणि गुब्बी हे नाव दोघांचंच असल्यानं कुणाची हरकत आली नव्हती. भाषणं सुरू झाली. बाळाचार्यांनी मृत्यूवर मात केली, असं एकजण म्हणाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मला रस्त्याच्या बाजूनं ती येताना दिसली, कंबर डावीकडे झुकलेली, अंगावर धुवट पातळ. ती मागं उभी राहिली. मी तिला पुढं आणलं.

पडदा ओढला. मुलं एकदम "गुब्बी, गुब्बी" करून ओरडली आणि रांगा मोडून धावली. पुतळा सुंदर झाला होता. वेंकटेशनं शब्द पाळला होता: सगळा पुतळा काळसर, पण नाकात खरी तांब्याची तार बसवली होती, उन्हात ती तेवढी चमकत होती. मुलं गुब्बीच्या पायाला, बाटलीला हात लावत होती, "बघू की, बघू की" म्हणत होती. चौथरा बुटका ठेवला होता म्हणून त्यांचे हात पोचत होते.

गुरुराज वकिलांनी माइकवर सांगितलं की खुद्द अक्का आपल्यात आलेल्या आहेत, आणि त्यांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती आहे. कौसल्याक्का माइककडे गेलीच नाही. ती पुतळ्याकडे गेली. मुलांनी वाट दिली. पुतळ्यातली अक्का, म्हणजे तिची स्वतःची मूर्ती, तिच्याकडे तिनं आजही बघितलं नाही. कडेवरच्या पोराकडे बघत उभी राहिली. साठ वर्षं न उच्चारलेला शब्द बाहेर यायला वेळ लागतोच. मग तिनं हाक मारली.

"नागेशा."

जेवायला बोलावतात तशी, साधी हाक. आजूबाजूची मुलं तिच्या तोंडाकडे बघायला लागली. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. "ए नागेशा."

वकीलसाहेब माइकवर हात ठेवून माझ्या कानाशी वाकले. "वत्सलाबाई, हिचा गेलेला भाऊ रामू ना? ही कुणाला बोलावतेय?"

"रामू धाकटा," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावून दिलं नाही. समोर कौसल्याक्का तिसऱ्यांदा हाक मारत होती, आता चांगली मोठ्यानं, तळ्याच्या पलीकडं ऐकू जाईल अशी. कुणी ऐकेल म्हणून जीव मुठीत धरावा असं तिचं आता कुणीच उरलं नव्हतं.